लक्कुंडीचे शंभर मीटर

गदगहून होसपेटकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुमारे बारा किलोमीटरवर लक्कुंडी हे गाव लागते. हंपीला निघालेले प्रवासी बहुधा डुलकीतच ते मागे टाकतात. रस्त्यावरून दिसते ते कर्नाटकातील कोणत्याही खेड्यासारखेच: हॉटेलाबाहेर लावलेल्या मोटारसायकली, कांद्याची पोती, शाळेतून परतणारी मुले. परंतु डावी-उजवीकडच्या कोणत्याही गल्लीत शंभर पावले चालत गेले, तर एखाद्या घराच्या मागील भिंतीला लागूनच अकराव्या-बाराव्या शतकातील एक मंदिर उभे असते. त्याच्या कुंपणावर गल्लीतील बायकांनी धुणे वाळत घातलेले असते आणि शेजारी निळ्या रंगाचा सरकारी फलक असतो. हे स्मारक राष्ट्रीय महत्त्वाचे असून त्याची नासधूस करणारा शिक्षेस पात्र आहे, असे त्या फलकावर लिहिलेले असते.

तीन वर्षांपूर्वी बदली होऊन मी गदग येथील शाखेत रुजू झालो तेव्हा या जिल्ह्याविषयी मला दोनच गोष्टी ठाऊक होत्या. पहिली, पंडित भीमसेन जोशी मूळचे इकडचे. दुसरी वाणिज्य शाखेच्या अभ्यासक्रमामुळे लक्षात राहिलेली. गदगजवळील कणगिनहाळ या खेड्यात १९०५ मध्ये, १९०४ च्या सहकारी पतसंस्था कायद्यानंतर लगेचच, सिद्दनगौडा सण्णरामनगौडा पाटील यांनी शेतकऱ्यांची सहकारी पतसंस्था स्थापन केली. ती देशातील पहिली कृषी पतसंस्था मानली जाते. बँकेत काम करणाऱ्याने या खेड्याकडे एकदा तरी वळावे, असे मला वाटते. तथापि आजचा विषय तो नाही. विषय आहे तो या जिल्ह्यात विखुरलेल्या संरक्षित वास्तूंचा, आणि त्यांच्या सावलीत राहणाऱ्या माणसांचा.

गदग हा स्वतंत्र जिल्हा झाला तो १९९७ मध्ये. त्यापूर्वी हा प्रदेश धारवाड जिल्ह्यात मोडत असे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत तो मुंबई राज्याचा भाग होता आणि त्यामुळे गदगच्या बाजारात आजही मराठी समजणारी वृद्ध माणसे भेटतात. या भागातील मंदिरांचे सविस्तर संशोधन करणारे हेन्री कझिन्स हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या पश्चिम मंडळाचे अधीक्षक होते व त्या मंडळाचे कार्यालय पुण्यात होते. कन्नड जिल्ह्यांतील चालुक्य वास्तुकलेवरचा त्यांचा मोठा ग्रंथ १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. गदगची देवळे पुण्याच्या कागदपत्रांत नोंदली गेली, हा योगायोग मला गमतीचा वाटला.

मात्र मराठी माणसाशी या मातीचे नाते त्याहून पुष्कळ जुने आहे. गदग शहरातील त्रिकूटेश्वराच्या मंदिरात एकाच पीठावर तीन लिंगे आहेत. आवारातच सरस्वतीचे मंदिर आहे आणि त्याच्या खांबांवरील नक्षी पाहताना मान दुखू लागते तरी पाय निघत नाही. या त्रिकूटेश्वराला देवगिरीचा यादव राजा पाचवा भिल्लम याने ११९१ मध्ये दान दिल्याचा लेख उपलब्ध आहे. पुढच्याच वर्षी, म्हणजे ११९२ मध्ये, याच देवाला दान दिल्याचा दुसरा लेख मिळतो. पण दाता बदललेला असतो. तो आहे होयसळ राजा दुसरा वीर बल्लाळ. मधल्या काळात काय घडले हे निराळे सांगावयास नको. गदगपासून जवळच सोरटूर आहे. तेथील रणांगणावर बल्लाळाने भिल्लमाच्या सैन्याचा पराभव केला होता. नंतर बल्लाळाने लोक्किगुंडी, म्हणजे आजची लक्कुंडी, येथे आपला तळ व राजधानी हलविली. राजे बदलले, देवाचे उत्पन्न मात्र खंडित झाले नाही. खातेदार तोच, जमा करणारा हात दुसरा, असे हिशेबनिसाच्या भाषेत म्हणता येईल.

लक्कुंडीच्या वैभवाचे कारण शोधू लागलो तेव्हा माझ्यातला वाणिज्य पदवीधर अधिकच जागा झाला. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात येथे टांकसाळ होती. लोक्किगुंडीच्या नावाने ओळखली जाणारी सोन्याची नाणी त्या काळच्या शिलालेखांत आढळतात. गद्याण हे त्या नाण्याचे नाव. देवाला दिलेल्या देणग्या, जमिनीची किंमत, दंडाची रक्कम या साऱ्या गोष्टी गद्याणांत मोजल्या जात. याच जिल्ह्यातील सूडी या गावीही टांकसाळ होती. एकेका खेड्याच्या नावावर चलन चालावे, यावरून तेथील व्यापाराची कल्पना यावी. व्यापाऱ्यांचे धर्मकार्यही मोठे असे. लक्कुंडीच्या दक्षिणेस असलेल्या डंबळ येथील १०९५ चा एक शिलालेख बौद्ध देवता तारा हिच्या वंदनाने सुरू होतो. तेथील सोळा श्रेष्ठींनी मिळून एक बुद्धविहार बांधला होता आणि तारादेवीचा विहार उभारणारा संगवय्या शेट्टी हा लोक्किगुंडीचा होता, अशी त्यात नोंद आहे. अकराव्या शतकाच्या अखेरीस दक्षिणेत बौद्ध विहार उभा राहतो आणि त्याचा खर्च व्यापारी वर्ग वर्गणी काढून करतो, ही गोष्ट मला एखाद्या राजाच्या विजयापेक्षा अधिक वाचनीय वाटते. आज डंबळला प्रवासी जातात ते दोड्डबसप्पाच्या मंदिरासाठी. त्याचे विधान चोवीस कोनांच्या ताऱ्यासारखे आहे. एक चौरस मध्यबिंदूभोवती थोडा थोडा फिरवीत नेला तर जी आकृती उमटेल, तीवर भिंती उभ्या केल्यासारखे ते दिसते. सकाळच्या उन्हात त्या कोनांच्या सावल्या पडतात तेव्हा दगडाची भिंत घडी घातलेल्या वस्त्रासारखी भासते.

लक्कुंडीतील वास्तूंची यादी येथे देत बसत नाही. 'एकशे एक देवळे, एकशे एक विहिरी' असे गावकरी अभिमानाने सांगतात. त्यांतील आज किती उभ्या आहेत हा वेगळा प्रश्न. ज्यांना वेळ थोडा आहे त्यांनी निदान तीन ठिकाणे पाहावीत. काशीविश्वेश्वराच्या मंदिरात एकाच जोत्यावर दोन देवळे समोरासमोर आहेत. मोठे शिवाचे, पूर्वाभिमुख. लहान सूर्याचे, पश्चिमाभिमुख. त्याच्या द्वारशाखेवरील जाळीकाम पाहून दगड मऊ करण्याची काही विद्या त्या कारागिरांजवळ असावी असे वाटू लागते. वस्तुतः विद्या दगडाच्या निवडीत होती. पूर्वीचे चालुक्य वालुकाश्मात बांधीत. येथे सूक्ष्म कणांचा, खाणीतून निघताना मऊ असणारा हिरवट-काळसर दगड वापरला आहे आणि म्हणून छिन्नीला एवढे धाडस करता आले. दुसरे ठिकाण माणिकेश्वराचे. त्याच्या लगतची 'मुस्किन बावी' ही पायऱ्यांची विहीर म्हणजे जमिनीत उलटे बांधलेले मंदिरच होय. उतरत्या पायऱ्यांच्या भिंतींत लहान लहान देवळ्या बसविल्या आहेत. उन्हाळ्याच्या दुपारी तेथे बसले असता वरच्या रस्त्यावरील मोटारींचा आवाजसुद्धा थंड होऊन खाली येतो.

तिसरे ठिकाण ब्रह्म जिनालय, आणि त्यापाशी थोडे अधिक थांबणे आवश्यक आहे. हे जैन मंदिर १००७ मध्ये अत्तिमब्बे नावाच्या स्त्रीने बांधविले. पती नागदेव युद्धात पडल्यावर तिने उरलेले आयुष्य दानधर्मात घालविले. 'दानचिंतामणी' ही पदवी तिला मिळाली व कर्नाटक शासनाकडून आजही तिच्या नावाने लेखिकांना पुरस्कार दिला जातो. तिचे मला सर्वांत विशेष वाटणारे काम दगडाचे नाही, ताडपत्राचे आहे. पोन्न कवीचे शांतिपुराण लुप्त होऊ नये म्हणून तिने त्याच्या एक हजार प्रती लिहवून घेतल्या आणि वाटल्या. छापखाना नसलेल्या काळात एका ग्रंथाच्या हजार प्रती! तिच्याच आश्रयाने रन्न कवीने ९९३ मध्ये अजितपुराण रचले. मंदिर पडू शकते आणि ग्रंथही नष्ट होऊ शकतो. परंतु हजार ठिकाणी विखुरलेला ग्रंथ एकाच वेळी नष्ट होत नाही, ही जोखीम-व्यवस्थापनाची दृष्टी तिच्याजवळ होती. आमच्या प्रशिक्षण केंद्रात तिचे उदाहरण द्यायला हरकत नाही. जिनालयाच्या मंडपात चतुर्मुख ब्रह्माची एक मूर्ती आहे. आवाराजवळच पुरातत्त्व विभागाचे शिल्पसंग्रहालय आहे. या संग्रहालयाकडे पुढे परत यावयाचे आहे.

आता ज्या कारणासाठी हा लेख लिहीत आहे ते सांगतो.

शाखेत येऊन मला दोन महिने झाले असतील. लक्कुंडीचे एक वयोवृद्ध खातेदार गृहकर्जाचा अर्ज घेऊन आले. तरुणपणी काही वर्षे सोलापूरच्या गिरणीत काम केल्यामुळे ते बरे मराठी बोलत, आणि त्यामुळे शाखेत त्यांना माझ्याच टेबलाकडे पाठविले जाई. सर्वजण त्यांना 'अज्जा' म्हणत. मीही म्हणू लागलो. घर वाडवडिलांचे, माळवदाचे. लाकडी तुळया, वर किलचांचे आवरण आणि त्यावर पांढऱ्या मातीचा थर. मुलाचे लग्न ठरले होते. जुने घर उतरवून त्या जागी खाली दोन व वर दोन अशा सिमेंट-काँक्रीटच्या खोल्या बांधण्याचा बेत होता. मुलगा गदगच्या एका दुकानात नोकरीला. उत्पन्नाचा दाखला व्यवस्थित, पूर्वीच्या पीककर्जाची परतफेड वेळेवर झालेली. अर्जात नाव ठेवण्यासारखे काही नव्हते. आमच्या पॅनलवरील वकिलांनी मागील तीस वर्षांचा मालकी हक्काचा तपास करून अहवाल दिला, तोही स्वच्छ होता.

घराची पाहणी करावयास मी स्वतः गेलो. अज्जांच्या अंगणात उभे राहिले की समोरच्या भिंतीपलीकडे देवळाचे शिखर दिसते. मी सहज विचारले, "हे देऊळ किती लांब?" ते हसून म्हणाले, "साहेब, आरतीच्या घंटेवर आमच्या घरात चहा ठेवतात." मी पावले मोजली. देवळाच्या कुंपणापासून घराच्या उंबऱ्यापर्यंत साठ पावलेही भरली नाहीत.

ज्या वाचकांना याचा अर्थ ठाऊक नसेल त्यांच्यासाठी कायदा थोडक्यात सांगणे प्राप्त आहे. राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचे संरक्षण १९५८ च्या प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे आणि अवशेष अधिनियमाखाली होते. १६ जून १९९२ च्या अधिसूचनेने स्मारकाच्या संरक्षित हद्दीपासून १०० मीटरपर्यंतचे क्षेत्र 'प्रतिषिद्ध' व त्यापुढील २०० मीटरचे क्षेत्र 'विनियमित' ठरविण्यात आले. २०१० च्या दुरुस्तीने या तरतुदी मूळ अधिनियमातच आल्या आणि राष्ट्रीय स्मारक प्राधिकरण स्थापन झाले. प्रतिषिद्ध क्षेत्रात नवीन बांधकाम होऊ शकत नाही. असलेल्या घरावर मजला चढविणे किंवा बाजूला खोली काढणे हेही बांधकामच धरले जाते. उल्लंघन केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विनियमित क्षेत्रात मात्र सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीने बांधकाम करता येते. एखाद्या शहरात एकच किल्ला असेल तर हे वर्तुळ काढून मोकळे होता येते. लक्कुंडीसारख्या गावात प्रत्येक गल्लीत एक वर्तुळ, आणि ती वर्तुळे एकमेकांत अडकलेली. संपूर्ण गावठाणाचा नकाशा मांडला तर रिकामी जागा शोधावी लागते.

वकिलांच्या अहवालात यातील एका शब्दाचाही उल्लेख नव्हता, कारण तो प्रश्न त्यांना कोणी विचारलाच नव्हता. जमीन कोणाची, बोजा कोणाचा, वारस किती, हे सारे छापील तक्त्यात होते. 'जवळ संरक्षित स्मारक आहे काय, असल्यास अंतर किती' हा रकाना नव्हता. ज्या तारणावर आपण वीस वर्षांची मुदत देतो ते बांधकामच बेकायदा ठरले तर हप्ते कोण फेडणार आणि राहणार कोठे?

मी अर्ज परत केला. माझ्या दृष्टीने काम नियमानुसार झाले होते. अज्जा म्हणाले, "मग निदान माळवद तरी बदलू का? पावसाळ्यात गळते." मी, कायद्याचे ते कलम पुरते न वाचता, अधिकाऱ्याला शोभेल अशा ठामपणाने सांगितले, "शंभर मीटरच्या आत काहीही करता येणार नाही." त्यांनी मान डोलविली, पासबुकात नोंद करून घेतली आणि ते गेले. त्या वर्षीचा पावसाळा त्या कुटुंबाने माळवदावर प्लास्टिकचा कागद अंथरून काढला.

माझी चूक मला कळली ती डिसेंबरमध्ये, आणि तीही कार्यालयात नव्हे. महाराष्ट्रातून आलेल्या नातलगांना घेऊन मी जिनालयाजवळचे संग्रहालय पाहावयास गेलो होतो. तेथील पहारेकऱ्याशी बोलता बोलता सहज अज्जांच्या घराचा विषय निघाला. तो म्हणाला, "दुरुस्तीला मनाई कुठे आहे? अर्ज करायला हवा, एवढेच." रात्री मी अधिनियम काढून पहिल्यापासून वाचला. त्यात स्पष्ट लिहिले आहे की प्रतिषिद्ध क्षेत्रातील जे घर १६ जून १९९२ पूर्वीपासून अस्तित्वात आहे त्याच्या मालकाला दुरुस्ती व नूतनीकरणासाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. जुने घर पूर्ण उतरवून नव्याने बांधता येत नाही हे खरे. परंतु छप्पर बदलणे, भिंत सावरणे, फरशी घालणे यांसाठी दार उघडे आहे. कायद्याने बंद केलेले दार एकच होते. दुसरे मी माझ्या अज्ञानाने बंद केले होते.

दुसऱ्या दिवशी मी लक्कुंडीला गेलो व अज्जांना झाला प्रकार सांगितला. रागावतील अशी अपेक्षा होती. ते म्हणाले, "तुम्ही परत आलात, हे काय कमी आहे?" या उत्तराने मला जे वाटले ते येथे लिहिण्यासारखे नाही.

त्यानंतरचे दोन महिने कागदपत्रे गोळा करण्यात गेले. घर १९९२ पूर्वीचे आहे हे सिद्ध करणे आवश्यक होते आणि खेड्यातील घराला जन्मदाखला नसतो. ग्रामपंचायतीचा जुना उतारा, घरपट्टीच्या पावत्या, जुन्या वीजबिलाचे एक पिवळे पडलेले पान आणि त्यांच्या थोरल्या मुलीच्या लग्नाचे एक छायाचित्र. त्या छायाचित्रात मांडवामागे हेच घर दिसते व त्यामागे देवळाचे शिखर. अभियंत्याने अंदाजपत्रक करताना नेमके काय काढायचे, काय ठेवायचे, उंची एक इंचही वाढणार नाही, हे नकाशासह लिहून दिले. अर्ज आल्यावर सक्षम प्राधिकाऱ्याने तो १५ दिवसांत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे पाठवावा, प्राधिकरणाने दोन महिन्यांत अभिप्राय द्यावा आणि पुढील एक महिन्यात निर्णय कळवावा, असा क्रम अधिनियमात घालून दिला आहे. म्हणजे फेब्रुवारीअखेर केलेल्या अर्जाचा निर्णय मृगाच्या तोंडावर येतो, आणि मृग लागल्यावर माळवद उघडण्याचे धाडस कोणी करीत नाही. आणखी एक पावसाळा प्लास्टिकच्या कागदाखाली गेला. उत्तर कर्नाटकात किंवा कोठेही अशा गावात राहणाऱ्या आमच्या ग्राहकांना माझे एवढेच सांगणे आहे की दुरुस्तीचा अर्ज पावसाळा संपताच, दसऱ्याच्या सुमारास करावा. अंतर स्मारकाच्या भिंतीपासून नव्हे तर त्याच्या संरक्षित हद्दीपासून मोजले जाते, हेही ध्यानात ठेवावे. कुंपणाबाहेर दिसणारी मोकळी जागा कित्येकदा हद्दीतच असते.

दिवाळीनंतर छप्पर बदलले. आमच्या शाखेने त्यासाठी घरदुरुस्तीचे कर्ज दिले. रक्कम लहान होती, पण त्या प्रकरणाइतका वेळ मी अन्य कोणत्याही प्रकरणावर घालविलेला नाही. आमच्या शाखेत आता मूल्यांकन अहवालाबरोबर एक साधा कागद जोडला जातो. त्यावर जवळच्या संरक्षित स्मारकाचे नाव व अंतर लिहिले जाते. तो कोणी मागितलेला नाही. आम्हीच सुरू केला.

मध्यंतरी मुलाचे लग्न झाले होते. नव्या सुनेला दोन खोल्यांच्या गळक्या घरात कसे आणावे, म्हणून मुलाने गदगमध्येच सदनिका घेतली. त्याचे गृहकर्जही आमच्याच शाखेने मंजूर केले. सदनिका नव्या वसाहतीत, जवळपास चारशे वर्षांपूर्वीची तर सोडाच, चाळीस वर्षांपूर्वीची वास्तूही नाही. ते प्रकरण कोणत्याही अडचणीशिवाय पंधरा दिवसांत निकाली निघाले. लक्कुंडीच्या त्या गल्लीत अशी आणखी चार-पाच घरे मी पाहिली आहेत. कुलूप लावलेली, तुळशीवृंदावन कोरडे पडलेली. देवळे सुरक्षित आहेत. त्यांच्या घंटेवर चहा ठेवणारी माणसे शहरात जात आहेत. कायदा नसता तर काशीविश्वेश्वराच्या भिंतीला टेकून तीन मजली लॉज उभे राहिले असते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. तरीही संपूर्ण गावाला एकच माप लावताना माळवदाच्या घरात राहणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

गेल्या दोन वर्षांत या गावाकडे पुष्कळांचे लक्ष वेधले गेले आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये कर्नाटक शासनाने लक्कुंडीत विखुरलेल्या मूर्ती, शिलालेख व कोरीव दगड गोळा करण्याची मोहीम काढली. २०२५ मध्ये उत्खननाच्या कामाची सुरुवात करण्यात आली. त्यानंतर जानेवारी २०२६ मध्ये एका घराचा पाया खणताना तांब्याच्या भांड्यात चारशे ग्रॅमहून अधिक वजनाचे सोन्याचे जुने दागिने सापडले. ते प्रथम एका शाळकरी मुलाच्या दृष्टीस पडले आणि त्याच्या कुटुंबाने ते सरकारजमा केले. त्या आठवड्यात आमच्या शाखेत रोज हाच विषय. एका ग्राहकाने मला बाजूला घेऊन हळूच विचारले की समजा असे काही सापडलेच तर ते लॉकरमध्ये ठेवता येईल काय. मी त्यांना सांगितले की जमिनीत सापडलेल्या निधीची खबर सरकारी अधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे, हा नियम आपल्याकडे १८७८ च्या कायद्यापासून चालत आला आहे. त्यांनी घाईघाईने सांगितले की त्यांना काहीही सापडलेले नाही. ज्या गावाच्या नावाने सोन्याची नाणी पाडली जात, त्या गावच्या मातीत सोने निघावे यात नवल काय? नवल वाटावे ते त्या कुटुंबाचे.

सोन्याची बातमी सर्वत्र गाजली. २०२४ च्या मोहिमेची तेवढी गाजली नाही. पण त्या मोहिमेत अज्जांनीही एक वस्तू दिली होती. त्यांच्या अंगणात विहिरीजवळ एक कोरीव दगड असे, बहुधा एखाद्या खांबाचा तुकडा. त्यांची आई, मग पत्नी, त्यावर धुणे धूत. गाडी गल्लीत आली तेव्हा त्यांनी स्वतःच तो दाखवून दिला. मी विचारले, "वाईट नाही वाटले?" ते म्हणाले, "साहेब, आमचा नव्हताच तो. आमच्याकडे राहायला होता."

मागच्या महिन्यात आम्ही दोघे मिळून गोळा केलेले दगड मांडून ठेवले आहेत तेथे गेलो. अनेक दगडांवर अजून क्रमांकही घातलेले नव्हते. रांगेतून सावकाश चालत ते एका ठिकाणी थांबले. मला त्या दगडात आणि शेजारच्या दगडात काहीच फरक दिसेना. त्यांनी वाकून त्याच्या एका कोपऱ्यावरून हात फिरविला आणि मलाही फिरवायला सांगितला. इतर बाजूंची नक्षी बोटांना टोचत होती. तो कोपरा साबणाने झिजून गुळगुळीत झाला होता.